तेविसावे जॉन आणि शेती

पोप तेविसावे जॉन, म्हणजे कॅथलिक चर्चचे त्या काळचे प्रमुख, यांच्याबद्दलच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की ते गरीब शेतकऱ्याच्या घरातले हे खरं, पण पोप झाल्यावर ती नुसती कौतुकानं सांगायची गोष्ट उरली. पहिलं मान्य, दुसरं अजिबात नाही. इटलीत बेर्गामोजवळच्या सोत्तो इल मोंते गावात १८८१ साली ते जन्मले. त्यांचं रोंकाल्ली कुटुंब दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसायचं, म्हणजे राबायचं यांनी आणि पिकाचा निम्मा वाटा मालकाचा. डझनभर भावंडांत आंजेलो (पोप होण्याआधीचं त्यांचं नाव) हा थोरला मुलगा. अशा घरात थोरला म्हणजे हाताशी येणारा पहिला गडी, आणि त्यालाच १८९२ मध्ये सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, शिकायला पाठवलं. केवढं मोठं मन लागलं असेल त्याला!

चर्चेत एक गोष्ट राहून गेली. १९६१ च्या मे महिन्यात त्यांनी ‘मातेर एत माजिस्त्रा’ (‘माता आणि शिक्षिका’) हे परिपत्रक, म्हणजे पोपनं चर्चला उद्देशून लिहिलेलं जाहीर पत्र, काढलं. त्यातला बराच मोठा भाग फक्त शेतीवर आहे आणि तो नुसता आशीर्वादाचा नाही. खेड्यांना रस्ते, पिण्याचं पाणी आणि शाळा हव्यात, शेतकऱ्याला परवडेल अशा व्याजानं कर्ज हवं, विमा हवा, मालाच्या भावाला संरक्षण हवं, आणि शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून एकत्र यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. निम्मं पीक दुसऱ्याच्या कोठारात जाताना पाहिलेल्या माणसानंच हे इतकं बारकाईनं मांडावं, असं मला मनापासून वाटतं. आणि ते पोप झाले तरी त्यांचे भाऊ गावात शेतीच करत राहिले.