मदत हवी आहे: बोर्नने १८६६ मध्ये काढलेल्या गोमुखच्या फोटोची जागा कशी शोधायची?

ब्रिटिश छायाचित्रकार सॅम्युअल बोर्नने १८६६ साली गंगोत्री हिमनदीच्या मुखाचे, म्हणजे गोमुखचे, फोटो काढले होते. त्यातलाच एक त्याच जागेवरून पुन्हा काढायचा आहे.

गूगल अर्थवर दूरच्या कडांची रेषा जुन्या फोटोवर ठेवून पाहिली. ती बऱ्यापैकी जुळते, पण कॅमेरा शे-दोनशे मीटर पुढेमागे सरकवला तरी तितकीच जुळते! एरवी जवळचा खडक आणि त्यामागचा दूरचा सुळका एका रेषेत आणून जागा पक्की करतात. इथे हिमनदी मागे हटली, पुढचे दगडगोटे वाहून गेले. जवळची खूणच उरलेली नाही. भूवैज्ञानिक ऑडन यांचा हिमनदीच्या मुखाचा १९३५ चा नकाशाही पाहिला, पण तो सत्तर वर्षांनंतरचा.

बोर्नचा कॅमेरा काचेच्या मोठ्या प्लेटचा, त्यामुळे लेन्स वर सरकवली असण्याची शक्यता आहे. म्हणजे फोटोचा मध्यबिंदू हाच लेन्सचा मध्य, हेही धरता येत नाही. माझ्याकडे फुल फ्रेम कॅमेरा आणि २४-७० मिमी लेन्स आहे, शिफ्ट लेन्स (तशी वर-खाली सरकवता येणारी) नाही. राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे ड्रोनचा विचार सोडला आहे. परवाना मोजक्या दिवसांचा, तेव्हा तिथे जाऊन चाचपडत बसणं परवडणार नाही.

दरीच्या दोन्ही बाजूंच्या मधल्या अंतरावरचे, न हललेले कडे धरून जागा दहा-वीस मीटरपर्यंत आणता येते का? कोणी केलं असेल तर कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि किमान किती खुणा लागल्या?