‘द क्रूसिबल’मधील बाहुलीचा अर्थ काय?

प्रश्न (नांदेड) : एम.ए.साठी आर्थर मिलर यांचे १९५३चे हे नाटक वाचत आहे. अमेरिकेतील सेलम गावात १६९२मध्ये झालेल्या चेटूक-खटल्यांचा संदर्भ समजतो. परंतु नायक जॉन प्रॉक्टरची पत्नी एलिझाबेथ हिच्या घरी सापडलेल्या कापडी बाहुलीला प्रतीक का म्हणतात, हे कृपया सांगावे.

उत्तर (परभणी) : प्रॉक्टरांची मोलकरीण मेरी वॉरन हिने ती बाहुली न्यायालयात बसल्या बसल्या शिवली आणि सुई तिच्यातच खोचून ठेवली, पुढे तीच सुई एलिझाबेथविरुद्ध पुरावा ठरते. आपल्याकडे उंबऱ्यावर सुया टोचलेले लिंबू दिसले, की घरातल्यांच्या नजरा किती झपाट्याने शेजारणीच्या दाराकडे वळतात, ते आठवावे. वस्तू साधीच असते, अर्थ तिला भीती चिकटवते.

उत्तर (अंबाजोगाई) : सहमत आहे, तरी माझ्या मते नाटकाचे मर्म प्रॉक्टरच्या नावात, म्हणजे लौकिकात आहे. चेटूक केल्याच्या खोट्या कबुलीवर तो सहीसुद्धा करतो, मात्र तो कागद चर्चच्या दारावर लागू देण्याऐवजी फाडून टाकतो. (नाटकानंतर तीन वर्षांनी, १९५६मध्ये, मिलर यांनीही अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कम्युनिस्ट असल्याचा संशय असलेल्या इतरांची नावे सांगण्यास नकार दिला होता.)

प्रश्नकर्ता : आभारी आहे. बाहुली आणि कागद एकाच उत्तरात घ्यावेत का?

उत्तर (परभणी) : अवश्य घ्यावेत, पण आधी बाहुली.