वादात ‘मी नास्तिक आहे’ हे आधीच सांगावे का?

प्रश्न (नदीकाठ): आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत मी सूचना मांडली की, सत्यनारायणाच्या पूजेचा खर्च मासिक देखभाल शुल्कातून न करता स्वेच्छेच्या वर्गणीतून करावा. हिशेबावर कोणी बोललेच नाही. पहिला प्रश्न आला तो ‘तुम्ही नास्तिक आहात का?’ असा. मी देव मानत नाही, हे खरे आहे. मात्र विषय खर्चाचा आहे, एवढेच उत्तर मी दिले, आणि मी काहीतरी लपवत असल्याचा काहींचा समज झाला. अशा चर्चेत आपली ओळख आधीच जाहीर करावी, की मुद्दा स्वतःच्या बळावर उभा राहू द्यावा?

माळरान: जाहीर करण्याची गरज मला दिसत नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून 2000 साली आंदोलन झाले, त्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. श्रीराम लागू होते. देव न मानणाऱ्यांना देवळाची उठाठेव कशाला, हा आक्षेप अशा वेळी हमखास येतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. पुढे 2016 मध्ये विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात जी सुनावणी झाली, तिचा आधार होता हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशाचा 1956 चा कायदा. पुरुषांना जिथे जाता येते तिथे स्त्रियांनाही जाता आले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. याचिकाकर्त्या घरी पूजा करतात की नाही, यावर त्यातले काहीही अवलंबून नव्हते. तुमचा मुद्दाही तसाच आहे.

जुना वाचक: न्यायालयात हे ठीक आहे, पण सोसायटीची सभा म्हणजे न्यायालय नव्हे. गप्प राहिल्याने शिक्का टळतो, हा समज अनुभवाला धरून नाही. देवाधर्माला आमचा विरोध नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, असे अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरुवातीपासून सांगत आली; तरी जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा धर्मविरोधी असल्याचा प्रचार वर्षानुवर्षे चालला. कीर्तन, भजन, यात्रा, प्रदक्षिणा यांना धक्का लागणार नाही, असे शेवटी 2013 च्या कायद्यातच लिहावे लागले. त्यापेक्षा मला र. धों. कर्वे यांची रीत पटते. 1927 पासून संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणावरचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवताना त्यांनी आपली निरीश्वरवादी मते झाकली नाहीत, त्यामुळे त्यांच्या विरोधकांना निदान समोर कोण उभे आहे याचा तर्क करत बसावे लागले नाही. आणखी एक गोष्ट अशी की, आपण बोललो नाही तर आपल्याला श्रद्धावंतांतच मोजले जाते, आणि ‘सगळ्यांची हीच इच्छा आहे’ हे वाक्य त्या मोजणीवरच उभे असते.

आडवाट: दोघेही गृहीत धरत आहात की शिक्का लावला की माणूस कळतो. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा नागरिकाला अधिकार आहे आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकारला करता येणार नाही. ज्यांच्या याचिकेवर हा निर्णय झाला, ते येशू ख्रिस्ताला मानणारे होते! त्यांना बाहेरून कोणी ‘नास्तिक’ म्हटले असते तर ते साफ चुकले असते. म्हणून एका शब्दापेक्षा, आपण नेमके काय मानत नाही हे पूर्ण वाक्यात सांगावे, आणि तेही कोणी विचारले तरच.

नदीकाठ: म्हणजे पुन्हा विचारणा झाल्यास मी टाळाटाळ करू नये, हे पटले. पण त्या उत्तरानंतर चर्चा माझ्यावरच अडकली तर काय करावे?

माळरान: ‘होय, मी देव मानत नाही, पूजेला माझा विरोध नाही’ एवढे सांगून लगेच विचारावे की, देखभाल शुल्क कोणत्या कामांसाठी घेतले जाते, याबाबत आपले उपविधी काय म्हणतात. उपविधींची प्रत बरोबर न्या आणि सूचना लेखी देऊन ती इतिवृत्तात नोंदवून घ्या. शक्य असल्यास नियमित पूजा करणाऱ्या एखाद्या सभासदाला अनुमोदन देण्याची विनंती करा. आमच्याकडे असेच झाले, आणि त्यानंतर तो प्रश्न कोणी विचारला नाही.