मदत हवी आहे : नागपुरात दोघांच्याही नोकऱ्या टिकतील इतक्या मोठ्या कंपन्या आहेत का?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघेही मूळचे नागपूरचे. शिक्षण संपल्यावर पुण्यात नोकऱ्या लागल्या आणि संसारही इथेच झाला. आता घरच्या कारणांमुळे नागपूरला परतण्याचा विचार गांभीर्याने सुरू आहे. माझे पती सॉफ्टवेअर क्षेत्रात आहेत आणि त्यांच्या कंपनीचे मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळालगतच्या उद्योग प्रकल्पात आणि विशेष आर्थिक क्षेत्रात, केंद्र असल्यामुळे त्यांना अंतर्गत बदली मागता येते. मी कंपनी सेक्रेटरी आहे. चाकणच्या एका मध्यम आकाराच्या कारखानदार कंपनीत संचालक मंडळाच्या सभा, कंपनी निबंधकांकडे भरायची विवरणपत्रे आणि शेअर बाजाराच्या नियमांचे अनुपालन ही कामे मी पाहते. पतींची सोय होईल असे दिसते. माझी होईल का, आणि झालीच तर ती किती वर्षे टिकेल, याचा अंदाज येत नाही.

नागपूर राहायला चांगले आहे, रस्ते रुंद आहेत, घर परवडते, हे सगळे मला मान्य आहे आणि मे महिन्याचेही मला भय नाही. त्यामुळे इथे फक्त नोकऱ्यांच्या बाजाराविषयी बोलावे, ही विनंती.

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती आणि पुणे शहराची ३१ लाखांच्या वर. आकाराच्या मानाने ही दोन शहरे फार लांबची नाहीत, पण मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत त्यांच्यातले अंतर त्याहून कितीतरी मोठे आहे. २००२ मध्ये मिहान उभारणारी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली तेव्हा, मिहान झाले की पोरांना पुण्याला पाठवावे लागणार नाही, असे आमच्याकडे घरोघरी बोलले जायचे. भाऊबीज आटोपल्यावर बैद्यनाथ चौकात पुण्याच्या ट्रॅव्हल्सपाशी डबे, फराळाच्या पिशव्या आणि लॅपटॉपच्या बॅगा घेऊन उभी राहणारी गर्दी अजून तशीच आहे, आणि तिकिटाचे दर ऐकले की सुट्टी घेतल्याचा पश्चात्ताप होतो.

मिहानमध्ये काहीच आले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आणि हेक्सावेअर आहेत. बोईंगने उभारलेले विमान दुरुस्ती केंद्र २०१५ पासून एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीकडे आहे. दसॉ आणि रिलायन्स यांच्या संयुक्त कारखान्याची पायाभरणी २०१७ मध्ये झाली आणि फाल्कन २००० हे व्यावसायिक जेट तिथे पूर्णपणे जोडण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. बुटीबोरीला सिएट आणि इंडोरामा आहेत, हिंगण्याला महिंद्रांचा ट्रॅक्टरचा कारखाना तर फार जुना. नावे मोठीच आहेत.

माझ्या व्यवसायाच्या नजरेने पाहिले की चित्र बदलते. यांतल्या बहुतेकांचे नागपुरात केंद्र आहे किंवा कारखाना आहे; त्यांचे संचालक मंडळ मुंबईत, बंगळुरूत किंवा नोएडात बसते. कंपनी सेक्रेटरी, ट्रेझरी (कंपनीच्या पैशांचे व्यवस्थापन), अंतर्गत लेखापरीक्षण, गुंतवणूकदारांशी संबंध ही सारी खाती जिथे संचालक मंडळ असते तिथेच असतात, आणि म्हणून हजारो अभियंत्यांचा कॅम्पस उभा राहिला तरी त्यातून माझ्यासारखीसाठी एकही जागा निर्माण होईलच असे नाही. कायद्याने पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी लागतो तो सूचिबद्ध कंपन्यांना आणि ज्यांचे भरणा झालेले (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेले) भांडवल १० कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे अशा कंपन्यांना. नागपुरात मुख्यालय असलेल्या मोठ्या कंपन्या आठवू लागले की सोलार इंडस्ट्रीज, मॉईल, वेस्टर्न कोलफिल्ड्स, हल्दीराम, दिनशॉज अशी नावे येतात आणि मग वेग मंदावतो. त्यांतल्या दोन सरकारी असल्यामुळे तिथली भरती जाहिरात निघेल तेव्हाच. पुण्यात बजाज ऑटो, भारत फोर्ज, थरमॅक्स, किर्लोस्करांच्या कंपन्या, पर्सिस्टंट आणि त्यांच्यामागे लहान-मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांची रांग आहे. एका ठिकाणी पटले नाही तर आकुर्डीपासून मुंढव्यापर्यंत विचारायला जागा आहेत.

माझ्या मते शहर मोठ्या कंपन्यांना पुरेसे खेचते की नाही हे पहिल्या नोकरीवरून कळत नाही. नोकरी सोडावी लागली तर बिऱ्हाड न हलवता दुसरी मिळते का, आणि पती-पत्नींचे व्यवसाय वेगळे असतील तर दोघांनाही मिळते का, यावरून ते कळते.

तरी जाणकारांनी सांगावे : नागपुरातल्या ज्या कंपन्या बाहेर फारशा ठाऊक नाहीत पण ज्यांना माझ्यासारख्या व्यक्तीची गरज असते, त्या कोणत्या उद्योगांत आहेत? स्वतंत्र व्यवसाय करायचा तर तेवढे काम मिळते का? आणि मिहानमध्ये मध्यम-वरिष्ठ पदावर असलेल्या माणसाला दुसऱ्या कंपनीत जाता येते, की एकदा गेलो की तिथेच अडकून पडतो?

—

खापरी_लोकल :

ताई, मी मिहानमध्येच काम करतो, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापुरते लिहितो. पाच-सात वर्षांच्या अनुभवापर्यंत कंपनी बदलणारे माझ्या आसपास पुष्कळ आहेत. मिहानमधल्या मोठ्या कंपन्या एकमेकींची माणसे घेतात, शिवाय शहरात पर्सिस्टंट आणि ग्लोबललॉजिक आहेत. त्यापुढच्या पदांवर मात्र हालचाल फार कमी आहे, कारण ग्राहकाशी बोलणारे आणि प्रकल्पाचा खर्च मंजूर करणारे लोक बहुधा दुसऱ्या शहरात असतात.

तुमच्या पतींनी एक गोष्ट बदलीच्या अर्जाआधीच विचारून घ्यावी : त्यांचा प्रकल्प नागपूर केंद्राचा असणार आहे, की पुण्याचाच प्रकल्प ते सोयीसाठी नागपुरातून करणार आहेत? दुसऱ्या प्रकारात प्रकल्प संपला की 'बेंच'वर, म्हणजे कामाविना, बसावे लागते आणि पुढचा प्रकल्प पुण्यात किंवा हैदराबादमध्ये निघतो. परतलेल्या कित्येकांना वर्षभरात परत जावे लागले ते याच कारणाने. कंपनी कोणती, हा भाग इथे गौण आहे.

मेट्रो खापरीपर्यंत येते, पण स्थानकापासून कॅम्पस लांब आहेत, हेही लक्षात असू द्या.

—

धंतोलीकर :

धागाकर्तीने मुख्यालय आणि केंद्र यांत केलेला भेद अगदी योग्य आहे आणि नागपुरात यावर फारशी चर्चा होत नाही, याचे मला नेहमीच नवल वाटते. आपल्याकडे सामंजस्य करार झाला की पेढे वाटले जातात.

मिहान मागे का पडले याची कारणे पाहिली की पुढचा अंदाज बांधता येईल. विशेष आर्थिक क्षेत्राचे मोठे आकर्षण म्हणजे करसवलत. २०११ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या क्षेत्रांतील कंपन्यांना किमान पर्यायी कर (सवलती असल्या तरी नफ्यावर भरावाच लागणारा कर) लावण्यात आला, म्हणजे मिहानमध्ये जमिनी घेतलेल्या कंपन्या इमारती उभारू की नको या विचारात असतानाच निम्मे आकर्षण गेले. पुढे नव्या घटकांसाठीची प्राप्तिकराची सवलतही २०२० मध्ये संपली. विमानतळ खासगी कंपनीकडे देण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यात वर्षे गेली. भारताच्या मध्यभागी असणे हा नागपूरचा मोठा गुण सांगितला जातो; तो कोळसा, पोलाद आणि गोदामे यांच्यासाठी नक्कीच आहे, पण मुख्यालय कुठे ठेवायचे हे ठरवणारा माणूस नकाशाचा मध्य पाहत नाही. बँकर, वकील, मोठे ग्राहक आणि परदेशी विमाने कुठे आहेत हे तो पाहतो. जमशेदजी टाटांनी एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू केली ती कापूस आणि रेल्वे जवळ म्हणून, पण टाटांचे मुख्यालय मुंबईतच राहिले. आज त्या मिलच्या जागेवर मॉल आहे.

सी-२९५ विमानांचा टाटा-एअरबस प्रकल्प नागपुरात येणार अशी आशा होती आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची पायाभरणी वडोदऱ्याला झाली, हे सर्वांना आठवत असेल. त्यावरून झालेल्या राजकारणात मला पडायचे नाही. घोषणा आणि नियुक्तिपत्र यांत किती अंतर असते, एवढ्यापुरताच तो दाखला.

हिंगण्याच्या बाजूला 'नवीन नागपूर' या नावाने व्यापार आणि वित्तकेंद्र उभारायचे राज्य सरकारने २०२५ मध्ये ठरवले आहे, समृद्धी महामार्गही जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. या गोष्टींचा परिणाम होईल, पण ज्या वेगाने तो होईल तो तुमच्या उरलेल्या नोकरीच्या वर्षांशी जुळणारा नाही. नव्या वित्तकेंद्राच्या भरवशावर पुण्याची नोकरी सोडू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

—

सीएस_रामदासपेठ :

मी नागपुरात कंपनी सेक्रेटरी म्हणून स्वतंत्र व्यवसाय करतो. वरचे चित्र खरे असले तरी थोडे एकांगी आहे.

ज्या कंपन्या बाहेर ठाऊक नाहीत असे तुम्ही विचारले, त्या इथे पोलाद आणि फेरो मिश्रधातू, स्फोटके, वीज उपकरणे, खाद्यप्रक्रिया आणि कोळशाशी जोडलेली वाहतूक या व्यवसायांत आहेत. बहुतेक कौटुंबिक आहेत. त्यांच्याकडील जागा संकेतस्थळांवर दिसत नाहीत. त्या लेखापरीक्षकाच्या तोंडून किंवा आपल्या कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या नागपूर शाखेतल्या ओळखीतून कळतात. पगार पुण्यापेक्षा कमी असतो आणि कामाच्या सीमा आखलेल्या नसतात. सभेचे इतिवृत्त लिहिणाऱ्या माणसालाच बँकेच्या कर्जाची कागदपत्रे आणि जमिनीचा फेरफारही पाहावा लागतो. काहींना हे आवडते, मला आवडले नव्हते.

स्वतंत्र व्यवसायाचे म्हणाल तर कंपनी कायद्याच्या कलम २०४ खालचे सचिवीय लेखापरीक्षण (कंपनीने कायदे पाळले की नाही याची तपासणी) सूचिबद्ध कंपन्यांना तर लागतेच, पण ५० कोटींचे भरणा भांडवल किंवा २५० कोटींची उलाढाल असलेल्या सार्वजनिक कंपन्यांना, आणि १०० कोटींची कर्जे असलेल्या कंपन्यांनाही लागते. अशा कंपन्या विदर्भात आहेत. मात्र कंपनी विधी न्यायाधिकरणाचे काम मुंबईच्या पीठापुढे चालते, त्यामुळे विलीनीकरण आणि दिवाळखोरीचे जास्त मोबदल्याचे काम मुंबईचे लोक घेऊन जातात. इथे जम बसायला तीन वर्षे धरून चाला, आणि स्वतंत्र व्यवसायाचे प्रमाणपत्र घेतल्यावर पूर्णवेळ नोकरी करता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

तुम्ही सध्याच्या कंपनीला विचारले आहे का? संचालक मंडळाच्या सभांना व्हिडिओद्वारे हजर राहण्याची मुभा कलम १७३ मध्ये आहे. सभा वर्षाला किमान चार, आणि दोन सभांमध्ये १२० दिवसांहून अधिक अंतर नको, एवढेच बंधन. विवरणपत्रे तर सगळी ऑनलाइन भरली जातात. नोंदवह्या नोंदणीकृत कार्यालयात राहतात, त्यांच्यासाठी तिथे एक सहायक ठेवला की पुरते. माझ्या माहितीतल्या एका बाईंनी नागपुरात राहून पुण्याच्या कंपनीचे काम याच पद्धतीने चालवले आहे.

—

धागाकर्ती :

सर्वांचे मनापासून आभार. खापरी_लोकल यांनी सुचवलेला प्रश्न पतींनी वरिष्ठांना विचारला, तेव्हा "ते तिथे गेल्यावर पाहू" असे उत्तर मिळाले. ते लेखी मिळेपर्यंत बदलीचा अर्ज करायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे.

दुरून काम करण्याचा विषय मी अजून काढलेला नाही, कारण आमचे व्यवस्थापकीय संचालक कागदावर समोरासमोर सही घेणाऱ्यांपैकी आहेत. तिमाही निकालांच्या वेळी आठवडाभर पुण्यात येईन, असा प्रस्ताव द्यावा असे वाटते. नागपूरच्या अजनीहून पुण्याला जाणारी वंदे भारत २०२५ मध्ये सुरू झाली आहे आणि बारा तासांत पोहोचवते, म्हणजे एक दिवस प्रवासात गेला तरी रात्रीची ट्रॅव्हल्स टळेल.

सीएस_रामदासपेठ, एक शंका आहे. सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामकाच्या) नियमांप्रमाणे मी अनुपालन अधिकारीही आहे. माझ्या कामाचे ठिकाण नागपूर असे नियुक्तिपत्रात लिहून घेतले, तर शेअर बाजाराला ते कळवावे लागेल का, की तो कंपनीचा अंतर्गत विषय मानला जाईल?

—

सीएस_रामदासपेठ :

पद आणि व्यक्ती तीच राहत असेल तर हा बदल त्या नियमांतल्या नेमणूक, राजीनामा किंवा पदमुक्ती यांपैकी कशातही बसत नाही, असे माझे वाचन आहे. तरी संचालक मंडळाच्या इतिवृत्तात त्याची नोंद करून घ्या आणि पत्रव्यवहाराचा पत्ता नोंदणीकृत कार्यालयाचाच ठेवा. व्यवस्थापकीय संचालकांकडे जाण्यापूर्वी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांशी बोला. निकालांच्या दिवसांत तुमची गरज त्यांना सर्वांत जास्त असते.