ग्रुपवर ईसीजी टाकला म्हणजे डॉक्टर अडाणी?

तालुक्याचा_एमडी
काल इथे एकाने लिहिलं, "निदानासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारावं लागतं त्या डॉक्टरने दवाखान्याला कुलूप लावावं." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

गेल्या आठवड्यात रात्री दीडला छातीत कळ घेऊन एक शेतकरी आला. ईसीजी धड नॉर्मल नाही, धड नेहमीचा अटॅकही नाही. छातीवरच्या व्ही1 ते व्ही3 या लीड्समध्ये एसटी, म्हणजे आलेखातला एक ठरावीक भाग, नेहमीच्या रेषेखाली. नाव झाकून फोटो डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. सात मिनिटांत एका कार्डिऑलॉजिस्टचा मेसेज: "पाठीवर व्ही7 ते व्ही9 लाव." लावले, तर तिथे एसटी वर! हृदयाच्या मागच्या बाजूचा अटॅक. विचारलं नसतं तर कदाचित अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप देऊन घरी धाडला असता. उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) 2019 पासून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर हबच्या, म्हणजे मोठ्या केंद्रातल्या, डॉक्टरला विचारतात, ते चालतं. आम्ही विचारलं की अडाणी?

खडूस_नागपूरकर
ते वाक्य माझंच. मागे घेत नाही. वडिलांच्या पोटात दुखत होतं. डॉक्टरने सोनोग्राफीचे फोटो तुमच्यासारख्याच ग्रुपवर टाकले, तिकडून उत्तर आलं "गॅस, ऑब्झर्व्ह करा". तिसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटलं. ग्रुपवर पाच जणांनी मत दिलं, पोटाला हात एकानेही लावला नव्हता.

वकीलसाहेब_नाही
डॉक्टर, जपून. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने रत्नागिरीच्या डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन फोनवरच्या सल्ल्यावरूनच फेटाळला होता.

तालुक्याचा_एमडी
अर्धवट सांगू नका. तिथे डॉक्टर जागेवर नव्हते आणि फोनवरून औषधं चालू होती. मी पेशंटशेजारी उभा होतो. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांत डॉक्टरने डॉक्टरला विचारायची मुभा स्पष्ट आहे. जबाबदारी विचारणाऱ्याची, म्हणजे माझीच. आणि मी ती कुणावर ढकललेली नाही.

सांगलीची_सून
त्या ग्रुपमध्ये आहे कोण कोण? आमच्या भावोजींच्या ग्रुपात 240 जण, त्यात दोन एमआर! पेशंटचे रिपोर्ट औषध कंपनीच्या माणसाला कशाला दिसायला हवेत?

कट_विरोधी
आता आलात मुद्द्यावर. फुकटात मत मिळालं की पेशंट शहरात पाठवायला नको, आणि पाठवला नाही तर कमिशनचं पाकीट कुठून येणार? म्हणून तर बऱ्याच जणांना हे ग्रुप खुपतात. 2017 मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षितांच्या समितीने या कट प्रॅक्टिसविरोधी, म्हणजे पेशंट पाठवण्याच्या कमिशनविरोधी, कायद्याचा मसुदा केला होता. कुठे गेला?

बालरोग_बाई
सगळे डॉक्टर चोर, झालं समाधान? रात्री तीनला इन्क्युबेटरजवळ मी उभी असते, तुम्ही नाही.

कट_विरोधी
सगळे म्हटलं का मी? आईचा एमआरआय दोन महिन्यांत तीनदा झाला, तिन्ही वेळा "त्याच सेंटरला जा". दिवाळीत त्याच सेंटरने आमच्या डॉक्टरांना चांदीचं नाणं दिलं. मी तिथेच बसलो होतो, डोळ्यांनी पाहिलं.

बालरोग_बाई
एका नाण्यावरून अख्खा पेशा! मला दिवाळीला सोनपापडीचा डबा येतो, तोही शेजाऱ्यांकडचा फिरून आलेला.

सांगलीची_सून
नाणं असो नाहीतर सोनपापडी, माझा एमआरचा प्रश्न तसाच राहिला.

नांदेडचा_भाऊ
भांडणं जरा बाजूला ठेवता का? ताईच्या स्तनातल्या गाठीचे रिपोर्ट आम्ही घरूनच 'नव्या'वर चढवले. टाटा मेमोरियलशी जोडलेली ती सेवा. लेखी मत आलं, ते इथल्या डॉक्टरांना दाखवलं, केमो इथेच सुरू झाली. परळच्या फुटपाथवर झोपायची वेळ आली नाही. पण तिथे नावानिशी, लेखी मत मिळतं. ग्रुपवरच्या अंगठ्याला काय अर्थ आहे?

खडूस_नागपूरकर
बरं बाबा. ईसीजी कागदावरच असतो, फोटोत मावतो. पोट मावत नाही. एवढंच मान्य, पुढे ओढू नका.

तालुक्याचा_एमडी
पोटाचं मलाही मान्य. तुमच्या वडिलांना कुणी हात लावला नाही हे चूकच. पण त्याचं कुलूप माझ्या दाराला का? आणि सांगलीच्या ताई, एमआरचं बरोबर आहे. आमच्याही ग्रुपात एक निघाला, आज काढला. पाच जण विचारताहेत, का काढलास.

कट_विरोधी
विचारणारच! दिवाळी जवळ आली ना.