मदत हवी आहे: हेतुकथनातच उत्तर फुटलं तर मुलं विचार कशाचा करणार?

रसायनी:
नमस्कार. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये होते. ती नोकरी सोडून आता बी.एड. करतेय, विज्ञान-गणित पद्धती. ‘कंपनीत पगार बरा असतो’ हा सल्ला घरी भरपूर मिळालाय, इथे नको. :)

अडचण वेगळी आहे. सराव पाठाच्या टाचणाच्या (पाठाच्या लेखी आराखड्याच्या) पायऱ्या ठरलेल्या: पूर्वज्ञानावर प्रश्न, प्रस्तावना, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं) करून फळ्यावर शीर्षक, विवेचन, संकलन, मूल्यमापन, स्वाध्याय. मला मात्र मुलांनी आधी अंदाज बांधावा, करून पाहावं आणि नाव शेवटी यावं असं वाटतं.

आठवीला परिपथाचा पाठ घेतला. प्रत्येक गटाला एक सेल, टॉर्चचा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा. आधी वहीत चित्र काढायचं. बहुतेकांनी सेलच्या टोकापासून बल्बपर्यंत वायर ओढली, संपलं! (घरातल्या दिव्याला एकच जाड वायर दिसते, आत दोन असतात हे कुणाला दिसणार?) बल्ब लागेना तेव्हा ‘मॅडम, सेल उतरलाय’. मग एकीने बल्बचं बूड सेलच्या टोकावर टेकवलं आणि वायर सेलच्या तळापासून बल्बच्या आट्यांना लावली. लागला! दुसऱ्या गटाने वायरने सेलची दोन्ही टोकंच जोडली. ती तापली, तर प्रश्न आला, ‘बल्ब नाही लागला, मग वीज गेली कुठे?’ माझ्या लेखी पाठ तिथे सुरू झाला, आणि तेवढ्यात तासिका संपली.

निरीक्षकांचा शेरा: हेतुकथन अस्पष्ट, मूल्यमापन झाले नाही, वर्गनियंत्रण सुधारावे.

टाचणाची चौकट पाळून हे कसं बसवायचं? साठ मुलं आणि 35 मिनिटं धरूनच सांगा. आणि पुढे नववी-दहावी मिळाली तर हे झेपतं का?

फळा_खडू:
हेतुकथन म्हणजे शीर्षक जाहीर करणं, असा बी.एड.ला उगाच समज होतो. हेतू प्रश्न म्हणून सांगा ना: ‘एकाच वायरने बल्ब लावता येतो का, हे आज आपण शोधणार आहोत.’ फळ्यावरही तेच. निरीक्षकांना हेतुकथन मिळतं आणि उत्तर झाकलेलं राहतं. ‘विद्युत परिपथ’ हे शब्द संकलनात लिहा.

मूल्यमापनाला वेगळा वेळ कशाला? पहिल्या चित्राशेजारीच शेवटी दुसरं काढायला लावा, पहिलं न खोडता. खोडरबर दप्तरात ठेवायला सांगा, नाहीतर चुकलेलं चित्र पोरं लगेच पुसून टाकतात आणि तुमच्या हाती काही उरत नाही. अंदाज लिहून होईपर्यंत सेल वाटायचेच नाहीत. निम्मा गोंधळ तिथेच कमी होतो. वायर तापल्याचा प्रश्न पुढच्या तासिकेची प्रस्तावना म्हणून वापरा, पण सेल तसा जोडून ठेवू देऊ नका.

नववी_ब:
मी थोडं थंड पाणी ओतते. दहावीला विज्ञानाच्या भाग 1 मध्ये दहा प्रकरणं, भाग 2 मध्ये दहा, दोन्ही पेपर 40-40 गुणांचे. सगळं असं शिकवलंत तर डिसेंबर उजाडला तरी ‘कार्बनी संयुगे’ येणार नाही. मी प्रकरणामागे एकच जागा निवडते, जिथे मुलांच्या डोक्यात चुकीची कल्पना घट्ट बसलेली असते. गुरुत्वाकर्षणात वजन आणि वस्तुमान. उष्णतेत, बर्फ वितळत असताना उष्णता देऊनही तापमान का वाढत नाही. बाकी सरळ शिकवायचं, त्यात कमीपणा नाही. ‘अवकाश मोहिमा’ तर मुलं आपणहून वाचतात.

तुमचं खूळ नवीन नाही बरं का. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 ते 2002 सरकारी शाळांतून सहावी ते आठवीला चालला, पुस्तकच प्रयोग आणि प्रश्नांचं. पण त्यांनी परीक्षाही बदलली होती: प्रात्यक्षिक, आणि लेखी पेपर पुस्तक उघडं ठेवून. आपली बोर्डाची परीक्षा तशी नाही. म्हणून 20 गुणांच्या प्रात्यक्षिकात जागा शोधा. आमच्याकडे प्रयोगवहीत निरीक्षणाआधी ‘माझा अंदाज’ असा रकाना आहे. त्यावर गुण नाहीत, त्यामुळे मुलं तिथे खरं लिहितात.

डोंगरवाट:
अवांतर, पण उपयोगी. सहावी ते आठवीला शिकवण्यासाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर 2 लागतो, 150 पैकी 60 गुण गणित-विज्ञानाचे. पवित्र पोर्टलवरच्या शिक्षक भरतीसाठी टेट ही परीक्षा वेगळी, 200 गुणांची, आणि तिच्यात विज्ञान नाहीच: अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता. विज्ञान येतं म्हणून टेट गृहीत धरू नका.

रसायनी:
सगळ्यांचे आभार. पुढचं टाचण प्रश्नाच्या हेतुकथनाने लिहितेय. रकान्याची कल्पना तर ढापलीच. @फळा_खडू, एकच शंका: फिलामेंटवाले टॉर्चचे बल्ब कुठे मिळतात? दुकानदार एलईडी पुढे करतात, आणि पांढरा एलईडी दीड व्होल्टच्या एका सेलवर लागत नाही.

फळा_खडू:
पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत विचारून बघा. नाहीच मिळाले तर लाल एलईडी आणि दोन सेल, मध्ये शंभरेक ओहमचा रोध. पण त्याला उलट-सुलट असतं, सेल फिरवला की विझतो. त्यामुळे अंदाजाचा प्रश्न बदलावा लागेल.