मदत हवी आहे: हात कधी उचलला नाही, तरी घर सोडलं. पुढचं कसं करू?

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

लग्नाला ७ वर्षं झाली. ४ महिन्यांपूर्वी बोरिवलीचं घर सोडून भांडुपला आईकडे आले. नवऱ्याने कधी मारलं नाही. पण माझ्या पगाराचं कार्ड त्याच्याकडे, मैत्रिणी एकेक करून तुटल्या, आणि मी काही बोलले की "तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय". मग आठ-आठ दिवस अबोला. शेवटी माफी मीच मागायची, कशाची ते कळत नसलं तरी.

लोकल लेट झाली तर त्याला पुरावा लागायचा. मी स्टेशनवरच्या इंडिकेटरचा फोटो काढून पाठवायचे. परवा दादरला स्लो गाडी उशिरा होती. फोटो काढून झाला, व्हॉट्सॅप उघडलं आणि मग लक्षात आलं, आता विचारणारं कुणी नाही. तिथेच बाकड्यावर बसून रडले. दोन गाड्या सोडल्या. ही सवय जाते का हो? कुणाची किती दिवसांत गेली?

मामा म्हणतो, "मारत तर नाही ना, मग एवढ्यावर संसार मोडतात का?" पोलीस ठाण्यातल्या महिलांच्या विशेष कक्षात गेले, तिथल्या ताईंनी मध्ये न तोडता ऐकून घेतलं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान करणं, पैसे अडवणं हीसुद्धा हिंसाच, हे तिथे कळलं. मामाला सांगितलं. गप्प बसला, पटलेलं दिसत नाही.

माझे दागिने आणि दहावीपासूनची सर्टिफिकेटं तिकडेच आहेत. ती आणायला आधी कोर्टाचा आदेश घ्यावा लागला का तुम्हाला? संमतीने घटस्फोटाला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. तोवर हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला तर नवरा संमतीच देणार नाही, अशी धास्ती वाटते. यातून गेलेल्या कुणी सांगाल?

१४४१६ वर टेलिमानसला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) दोनदा मराठीतच बोलले, त्या रात्री झोप लागली. पण दर आठवड्याला एकाच समुपदेशकाशी समोर बसून बोलायचंय. मुलुंड ते दादर, संध्याकाळी सातनंतर, परवडेल असं कुणी माहीत आहे का?

आणि एक. काल नवऱ्याचा मेसेज आला, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन शनिवारी आहे. त्या माझ्याशी चांगल्या वागल्या, लपवून पैसे द्यायच्या. मला त्यांना बघायला जायचंय, पण तो तिथे असेल. नुसता फोन केला तर चालेल का?